कवटीतली टकटक

बिश्केकच्या इस्पितळातून जापार घरी आला, त्या दिवशी त्याची बायको उमसुनाय हिने मेंढा कापवला आणि निम्मं गाव जेवायला बोलावलं. किर्गिझस्तानातल्या नारीनच्या डोंगरात घोडे शिकवून तयार करणारा हा धिप्पाड माणूस. त्याच्या मेंदूवर वाढलेली गाठ डॉक्टरांनी काढली होती आणि कापलेलं हाड पुन्हा जागेवर बसवून बारीक पट्ट्या नि स्क्रूंनी जोडलं होतं.

"याचा एक स्क्रू लहानपणापासून ढिलाच होता," शेजारचा केन्जे मांसाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. "आता आवळून आणलाय."

सगळे हसले. जापारही हसला.

पाहुणे गेल्यावर तो जरा आडवा झाला. उशीला डोकं टेकलं आणि कवटीच्या आत काहीतरी वाजलं. टक. त्याने कूस बदलली. टक.

 केन्जेची थट्टा खरी होती तर. झोपेत मान वळली की स्क्रू निसटणार, हाडाचं झाकण आत रुतणार आणि बायकोला सकाळी थंडगार मढं सापडणार.

त्या दिवसापासून तो आडवा म्हणून झाला नाही. भिंतीशी रचलेल्या गोधड्यांना पाठ लावून बसायचा, टोपीखाली फडकं आवळून बांधायचा. डुलकी लागली की दचकून जागा व्हायचा आणि डोकं चाचपायचा. खोकला आला तरी गिळायचा. उमसुनायला सांगायची सोय नव्हती. ज्याच्या एका हाकेला घोडे थरथरतात तो उशीला घाबरतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? ती विचारायला आली की तो वसकन अंगावर जायचा.

"डॉक्टरांनी गाठ काढली, की माझा नवराच बदलून पाठवला?" ती एकदा म्हणाली.

 त्यालाही तीच शंका येऊ लागली होती. डोळ्यांपुढे सावल्या हलायच्या.

एकदा भर दुपारी घोड्याला पाणी दाखवताना उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला आणि तो तोंडावर आपटला. ओठ फाटला. उमसुनाय धावत आली. पडताना त्याने हात जमिनीला टेकले नव्हते, दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरून ठेवलं होतं.

"अहो, काय लपवताय माझ्यापासून?"

मग त्याच्याने राहवेना. त्याने सगळं सांगितलं. तिने ते हसण्यावारी नेलं नाही. त्याची टोपी काढली, व्रणाजवळ कान लावला.

"हळूच मान हलवा."

टक.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आतापर्यंत त्याला वाटायचं, भासही असेल एखादे वेळी. आता तिनेही ऐकलं होतं.

केन्जेच्या गाडीतून ते खिंड ओलांडून बिश्केकला निघाले. प्रत्येक खड्ड्याला जापार डोळे मिटून घ्यायचा आणि उमसुनाय दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं सांभाळायची.

"भाऊजी, हळू."

"वहिनी, याहून हळू गेलो तर मेंढ्या पुढे जातील," केन्जे म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं, आतला नवा फोटो काढला. "स्क्रू जागच्या जागी आहेत. हाड सांधेपर्यंत कडा किंचित हलते, तिचा हा आवाज. येतो काही जणांना. हाड जुळलं की थांबेल." मग त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "शेवटचे धड कधी झोपलात?"

 जापारचे खांदे गदगदू लागले. केन्जे खिडकीबाहेर बघत राहिला.

"असं घाबरलेले बरेच येतात," बाई म्हणाल्या. "त्यासाठीही आमच्याकडे मनाचे डॉक्टर आहेत. त्यांना भेटल्याशिवाय जायचं नाही."

जापार त्यांना भेटला. पण भीती काही वाटेत उतरून गेली नाही. घरी पहिल्यांदा आडवा झाला तेव्हा घामाने चिंब भिजला. उमसुनाय शेजारी लोकर पिंजत बसली होती.

"वाजलं?"

"वाजलं."

"वाजू द्या. मी आहे इथे."

तो थोडा झोपला, ओरडत उठला, पुन्हा पडला.

गवतकापणीच्या सुमाराला आवाज थांबला. झोप मात्र अजून बेभरवशाचीच आहे. कधी उजाडेपर्यंत लागते, तर कधी तो गोधड्यांना टेकून ताठ बसलेला असतो. अशा वेळी तो उमसुनायला हाक मारतो आणि ती कुरकुरत उठून चहा ठेवते.