निळ्या काठाचं भांडं

"नखं बघ तिची, नखं! म्हणे मासे साफ करते. अशा नखांनी एका माशाचं पोट फाडून दाखव म्हणावं, जन्मभर तुझी भांडी घासीन!"

थेल्मा कॉथोर्पने काटा टीव्हीवर रोखला. पडद्यावर गरिबांच्या कुठल्याशा नव्या मालिकेची जाहिरात चालू होती. थेल्माने गोदीवरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मासे कापले होते आणि डाव्या हाताचं अर्धं बोट तिथेच ठेवून आली होती. गरिबांच्या मालिका तिच्या डोक्यात जात.

"गालाला काजळी फासली की झाले गरीब. आणि रडतात किती गं! आम्हाला रडायला वेळ होता का?"

"आई, गप जरा. आता सुरू होईल," लॉरेन म्हणाली.

थेल्माचा जीव होता तो खऱ्या खुनांच्या माहितीपटांवर. दुपारी एक आणि रविवारी दोन, असा तिचा रतीबच होता. तिची दोन मतं दगडावरची रेघ होती. खुनी माणूस डोळ्यांवरून ओळखू येतो, हे पहिलं. आणि दुसरं, शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, पण मेले तोंडं शिवून बसतात. "मी असते ना," ती दर वेळी म्हणायची, "तर चारचौघांत ठणकावून सांगितलं असतं."

आज तर ती स्वतःच पडद्यावर येणार होती. बेथेल स्ट्रीटवरच्या जुन्या प्रकरणावर माहितीपट निघाला होता. सत्त्याऐंशी साली जॅकी नावाची पोरगी गोदीमागे मरून पडलेली सापडली. पोलिसांनी चौतीस नंबरच्या विनी ऑडलिंगच्या मुलाला, कीथला उचललं. तो सतरा वर्षं आत होता. मग जुन्या कपड्यांच्या तपासणीत खरा खुनी निघाला दुसराच, आणि कीथ सुटला. तोवर विनी कबरीत गेली होती. कीथ आता साठीचा होता. तो आईच्याच घरात एकटा राही, आणि गल्लीत कुणाशी बोलत नसे.

गेल्या वसंतात फिल्मवाली पोरगी आली तेव्हा थेल्मा चांगला स्वेटर घालून दोन तास बोलली. नंतर केस कापायच्या दुकानापासून चर्चच्या जेवणापर्यंत सगळ्यांच्या कानावर घातलं. मुलगी लॉरेन आणि नात बेथनीला तिने मुद्दाम रविवारी जेवायला बोलावलं. मांडीवर ताटं, समोर टीव्ही आणि मधल्या मेजावर सॉसेजचं फुगलेलं पुडिंग, नेहमीच्या निळ्या काठाच्या इनॅमलच्या भांड्यात.

सुरुवातीला आली न्यायालयाबाहेरची जुनी गर्दी. पोलिसांची गाडी, भोवती किंचाळणाऱ्या बायका. त्यातली एक पायातला बूट काढून गाडीच्या पत्र्यावर धाडधाड मारत होती. तोंड वाकडं झालेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

"आजी! हा तुझा मोहरीरंगाचा कोट ना?"

"तसले कोट तेव्हा सगळ्यांकडे होते," थेल्मा म्हणाली.

कॅमेरा बाईच्या तोंडावर आला. ती थेल्माच होती.

पुढे आजची थेल्मा दिसली, चांगल्या स्वेटरमध्ये. दोन तासांतलं त्यांनी एवढंच ठेवलं होतं: "मला डोळ्यांवरूनच कळतं. कुणी सांगावं लागत नाही."

आणि लगेच कीथ. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, टक्कल पडलेला.

"जॅकीचा खून झाला त्या गुरुवारी संध्याकाळी सहाला मी चौदा नंबरला गेलो होतो. आईने सफरचंदाची पाई पाठवली होती. भांडं गरम होतं, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बुटाच्या टोकाने दार वाजवलं. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. चौदा नंबरने पोलिसांना सांगितलं, तो बुधवार होता."

त्याने गुडघ्यांवरचे हात उचलून भांड्याचा आकार दाखवला. "आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात काहीतरी घालूनच पाठवतात. आई भेटीला यायची तेव्हा म्हणायची, कीथ, भांडं अजून आलं नाही रे. निळ्या काठाचं. कडेला टवका उडालेला, होडीसारखा. शेवटच्या भेटीतही तेच म्हणाली."

बेथनीचा हात पुडिंगकडे गेला होता. तो तिथेच थांबला. भांड्याच्या कडेला, तिच्या अंगठ्याजवळ, काळी होडी होती.

लॉरेनने टीव्ही बंद केला. "आई, बुधवार होता की गुरुवार?"

"सदतीस वर्षं झाली. मला काय स्वप्न पडलंय? तू तेव्हा पोर होतीस."

"सतरा वर्षांची होते. बाबांचं जहाज त्याच दिवशी लागलं होतं. त्यांनी बूटसुद्धा न काढता अर्धी पाई खाल्ली. बाबांचं जहाज गुरुवारीच लागायचं, आई. कायम."

 थेल्माला तेव्हा जबाब घ्यायला आलेला फौजदार आठवला. याच खुर्चीत बसून त्याने चहा प्यायला होता. 'नीट आठवा, बाई. बुधवार असेल. या गल्लीत शहाणी बाई म्हणावी तर तुम्हीच दिसता.' शाळेने तिला दहाव्या वर्षीच मंद ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं. शहाणी असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. ती म्हणाली, बुधवारच असेल. आणि एकदा म्हटल्यावर तो बुधवार झाला. न्यायालयाबाहेर बूट काढला तेव्हा तर त्यात शंकाच उरली नव्हती.

"शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं," लॉरेन कोट घालत म्हणाली. "तूच सांगतेस ना?"

दोघी ताटं अर्धी टाकून गेल्या.

सोमवारी सकाळी थेल्माने भांडं राखेने घासावं तसं घासलं. सफरचंदं चिरली. अर्ध्या बोटाच्या हाताने कणीक लाटायला तिला तास लागला. पाई भट्टीतून काढली, फडक्यात धरली आणि ती रस्त्यावर आली. सम आकड्यांच्या बाजूची दहा दारं ओलांडायची होती. खिडक्यांचे पडदे हलत होते. काल सगळ्या गल्लीने टीव्ही बघितला होता. तिनेच तर सगळ्यांना सांगितलं होतं, बघा म्हणून.

चौतीस नंबरचं दार उघडलं. लहानपणी हा पोरगा तिला थेल्मामावशी म्हणायचा.

"मिसेस कॉथोर्प," कीथ म्हणाला.

तिने रात्रभर बरंच काही जुळवलं होतं. "भांडं आणलंय. तुझ्या आईचं."

 त्याने अंगठा त्या टवक्यावरून फिरवला.

"गुरुवार होता, कीथ."

"मला माहीत आहे. मी तिथे होतो ना."

त्याने भांडं घेतलं आणि आत गेला. दार उघडंच होतं. थेल्माने पायपुसण्याला बूट पुसले. आत बोलावलं तर कुठे बसायचं, विनीच्या खुर्चीत तर नाही ना बसायचं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आतून सुरी फिरल्याचा आवाज आला, मग नळाचा.

तो बाहेर आला. हातात जाड घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि त्यावर अख्खी पाई, कडेला जराशी मोडलेली.

"भांडं आमचं," तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हे तुमचं."

दार हळूच लागलं.

थेल्मा परत निघाली. मान ताठ होती, ती कधी कुणापुढे वाकवायची तिला सवय नव्हती. कागदातून पाईचा चटका तळहातांना बसत होता, रस गळून बुटावर पडत होता. एकाही दारातून कुणी हाक मारली नाही. चौदा नंबरशी, स्वतःच्याच दाराशी, ती आली. दोन्ही हात गुंतलेले. तिने बुटाच्या टोकाने दार दोनदा वाजवलं आणि वाट बघत उभी राहिली.

आत कुणीच नव्हतं.