पोटरीचं माप

मित्रांनो, मी पिंपळवंडीच्या एका टेलरच्या गळ्यातली जुनी पिवळी टेप आहे. वीस वर्षं मी छात्या मोजल्या, कमरा मोजल्या, सगळं इंचांत! माझ्या पाठीवरच्या सेंटिमीटरकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मला भारी राग यायचा. पुढे रेडिमेड कपडे आले, दुकान बंद पडलं आणि मी खुंटीला लटकत राहिले.

दोन हजार एकवीसच्या करोनात टेलरची लेक, वैजयंती सिस्टर, मला मंचरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. मी तिथे काय दिवे लावणार, असं मलाच वाटलं. पण करोनाने अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होत होत्या आणि गुठळी झालेला पाय सुजायचा. म्हणून सिस्टर रोज सकाळी मला स्पिरिटने पुसायची आणि गुडघ्याखाली पेनाने खूण करून प्रत्येकाच्या दोन्ही पोटऱ्या मोजायची. चक्क सेंटिमीटरमध्ये! माझा ऊर भरून आला.

अवसरी बुद्रुकचे संपतराव ऑक्सिजनवर होते. सातव्या दिवशी सकाळी त्यांचा डावा पाय ठणकू लागला. शेजारच्याच खाटेवर त्यांची बायको प्रयागबाई आजारातून उठत होती. तिने पिशवीतून तेलाची बाटली काढली.

"मावशी, थांबा! चोळू नका!" सिस्टर धावली.

"अवो ताई, लई दुखतंय त्येंला. चोळलं की उतरंल."

"गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल!"

सिस्टरने मला पोटरीभोवती गुंडाळलं. उजवी चौतीस, डावी साडेअडतीस! तिने आकडा ओरडूनच सांगितला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गुठळीच होती. त्यांनी रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस वाढवला. चार दिवस प्रयागबाई नवऱ्याच्या श्वासाकडे डोळे लावून बसली. माझाही जीव टांगणीला लागला होता. पण संपतराव तरले, राव! पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या पायांनी घरी गेले.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आले. प्रयागबाईला आकडे वाचता येत नव्हते. तिने मला नवऱ्याच्या उजव्या पोटरीला गुंडाळलं, माप संपलं तिथे नख रोवलं आणि तेच माप डाव्या पोटरीला लावलं. टोक बरोबर नखाला भिडलं!

"सारखंच हाय की वो ताई!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाकावरचे सगळे पेशंट हसले.

मित्रांनो, एकच पाय अचानक सुजला, दुखला, तर चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि घरात जुनी टेप असेल तर तिला खेळताना ओढू नका. ताणलेली टेप खोटं बोलते. मी त्या सकाळी खरं बोलले, म्हणून संपतराव आज आपल्या शेतात बटाट्याला पाणी देतायत.