चाकाआडचा काटकोन

“वहिनी, या काटकोनाले गोलाई द्या लागते. टूल बोथट झालं, धार लावतो. संध्याकाळी या.”

अकोल्याच्या लेथवाल्या ललितने एवढं सांगितलं होतं. पण मूर्तिजापूरहून आलेल्या प्रणालीच्या कडेवर तान्ही देवश्री रडत होती. “राहू द्या भाऊ, चाकाच्या आड झाकला जाते तो. कोन पायते?” झालं! त्या शहाण्यानेही बोथट टूल तसंच दामटलं.

मित्रांनो, त्या टूलखाली कापला गेलो तो मी, कडबाकुट्टीचा जुना शाफ्ट. जिथे मी जाडाचा बारीक होतो तिथे पात्यांचं जड चाक बसायचं, नेमका तिथेच तो काटकोन, आणि तिथेच माझ्या अंगावर बोथट टूलचे खोल ओरखडे. दिसणाऱ्या भागाला मात्र पॉलिश पेपर! प्रणालीचे सासरे भगवंतराव बोट फिरवून म्हणाले, “वा! आरशावानी चमकते!” असल्या पारख्यांची मला कीव येते.

रोज सकाळी प्रणालीच्या सासूबाई, आशाबाई, माझ्यासमोर बसून कडबा सारायच्या. चाकाच्या वजनाने मी दर फेऱ्याला केसभर वाकायचो. तो सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा व्हायचा. एका ओरखड्याची भेग झाली, भेग आत आत सरकत गेली. आवाज बदलला तेव्हा प्रणाली दचकली.

“मामाजी, हे काहून खटखट करून राहिलं?”

“ग्रीस मागून राहिलं ते!”

काय हे निदान! दसऱ्याला मला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. चाक उतरवून आत कोणी पाहिलं नाही.

एका सकाळी मी तुटलो. चाक आशाबाईंच्या खांद्याला घासून टिनाच्या भिंतीतून पार गेलं.

“लोखंडच भेसळीचं,” भगवंतरावांनी निकाल दिला. अहो, लोखंड चोख होतं, कापण्याची रीत नासकी होती! त्यांनी त्याच लेथवरून आणखी जाड शाफ्ट करून आणला. मी आता गोठ्यात म्हशीचा खुंटा आहे. नवा बसवताना इथूनच पाहिलं, तसाच काटकोन, तसेच ओरखडे.

“मामाजी, आत गोलाई दिली का पण?” प्रणालीने विचारलं.

“मनगटाएवढा जाड हाये. आता काय होते त्याले!”

खुंट्याचं कोण ऐकतं, मित्रांनो? खांदा दुखतो तरी उद्यापासून आशाबाई पुन्हा त्याच जागी बसणार आहेत. मूर्तिजापूरच्या वाटेने कोणी जात असाल तर आमच्या गोठ्यात डोकावा. मशीन बंद करायला लावा, चाक उतरवायला लावा. आणि आशाबाईंना एकदा बघून या.