दाढोबाचा दिवा

दाढोबा हा सरडा होता. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची झालर. चिडला की ती झालर फुगून काळी पडे, म्हणून त्या जातीला दाढीवाला सरडा म्हणतात. बोटीवर इंजिनाचं काम करणाऱ्या मुलाने त्याला हौसेने पाळलं होतं आणि सहा महिन्यांच्या फेरीवर निघताना बायकोच्या आणि बापाच्या हवाली केलं होतं.

बापाला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट शिवले. स्वतःची बायको वारल्यावर दुकान बंद केलं आणि मुलाच्या घरी राहायला आले. सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. घरात गाळणी कुठे आहे, गिझर कसा लावायचा, जुनी वर्तमानपत्रं कुठे ठेवायची, सगळं तिला विचारावं लागे. ती कधी कुरकुरली नाही. पण विचारून विचारून मास्तरांनाच स्वतःचा कंटाळा आला होता. सरड्याची पेटी साफ करायचं काम त्यांनी मागून घेतलं ते याचसाठी. निदान एक कोपरा तरी आपल्या अखत्यारीत असावा.

मुलगा जाऊन पंधरा दिवस झाले असतील. पेटीवर दोन दिवे होते, एक उबेसाठी आणि एक लांब नळीचा. धूळ पुसायला म्हणून मास्तरांनी नळी काढली आणि ती हातातून निसटून फुटली. त्यांनी काचा गोळा केल्या, पिशवीत बांधून टाकून दिल्या आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून तेवढ्याच लांबीची नळी आणून बसवली. उजेड लख्ख पडला. सूनबाईला सांगायचं राहून गेलं, असं ते मनाशी म्हणत. खरं म्हणजे त्यांनी सांगायचं टाळलं होतं.

तीन महिन्यांनी दाढोबाने खाणं सोडलं. रातकिडा नाकासमोरून गेला तरी तो ढिम्म. मग पुढच्या पायाची बोटं थरथरायला लागली. एका सकाळी फांदीवर चढताना तो कुशीवर कोसळला आणि त्याला उलटून सरळ होता येईना. सूनबाईने रजा टाकली. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, बुटांच्या खोक्यात घालून दोघं बसने प्राण्यांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी बोटाने त्याचा खालचा जबडा दाबून पाहिला. तो रबरासारखा वाकला. मास्तरांनी नजर भिंतीकडे वळवली. एक्स-रे काढला, तर हाडं इतकी फिकी की ती आहेत की नाहीत असं वाटावं.

"नळीचा दिवा किती जुना आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नवाच आहे," सूनबाई म्हणाली. "नवऱ्याने जायच्या आदल्या दिवशी बसवला."

मास्तर खोक्याचं झाकण चाचपत राहिले. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. दिवा ठीक आणि कॅल्शियमची पूडही रोज पोटात जातेय, म्हणजे मूत्रपिंडं बिघडली असणार, असं त्या म्हणाल्या. तसं असेल तर फारसं काही हातात नाही, उगाच हाल करण्यापेक्षा त्याला शांतपणे जाऊ द्यावं का, याचा विचार करून उद्या या. सूनबाईने मान हलवली आणि खोकं छातीशी धरून ती बाहेर पडली.

बसथांब्यावर बाकावर बसून ती फोन हातात घेऊन नुसती बघत राहिली. नवऱ्याला काय कळवायचं ते तिला सुचत नव्हतं. खोक्यात दाढोबाचं पोट हळूहळू वरखाली होत होतं. बस आली. ती उठली, मास्तर उठले नाहीत.

"तो दिवा मी फोडला," ते म्हणाले. "आत्ता आहे तो साधा आहे."

बस निघून गेली.

"कधी?"

"तो गेल्यावर पंधरा दिवसांनी. मला वाटलं, उजेड तो उजेड."

सूनबाई परत बाकावर बसली. तिने खोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मला विचारायचं होतंत, बाबा."

"तेच तर जड जात होतं. सारखं तुला विचारणं."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडाच होता. "मी काय तुम्हाला खाणार होते?" एवढंच म्हणून ती उठली आणि दवाखान्याकडे चालू लागली. मास्तर तिच्या मागोमाग गेले.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, उलट त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्या नळीतून उन्हातले खास किरण येतात, ते अंगावर पडल्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही, असं त्यांनी समजावलं. पेटी तर खिडकीत ठेवलीय, असं मास्तर म्हणाले. त्यावर काच ते किरण अडवते हेही त्यांना कळलं. आता आशा आहे, पण मेहनत फार आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेहनत मास्तरांनी अंगावर घेतली. नवा दिवा त्याच संध्याकाळी लागला. फांद्या काढून पेटीत सपाट फरशी टाकली, म्हणजे पडायची भीती नको. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं, मग औषधाचे थेंब, मग पातळ केलेला भोपळा, बिनसुईच्या सिरिंजने ओठांच्या कडेला थेंब थेंब लावायचा. तोंड जबरदस्तीने उघडायचं नाही, जबडा मोडेल. सुईत दोरा ओवण्यात जन्म गेलेले हात इथे कामी आले. सूनबाईला ते जमत नव्हतं. तिच्या हातून थेंब भलतीकडेच सांडे. ऊन वर आलं की मास्तर त्याला मांडीवर घेऊन गच्चीत बसत. शेजारीण विचारी, हे काय घेऊन बसलात, आणि ते सांगत, आजारी माणूस आहे.

मुलाला फोनवर त्यांनी स्वतः सांगितलं. त्याने आधी दाढोबा कसा आहे ते विचारलं. मग म्हणाला, मीच नीट समजावून जायला हवं होतं. त्यात खरं किती आणि समजूत घालणं किती, हे मास्तरांनी विचारलं नाही.

दोन आठवडे काही फरक दिसला नाही. एकदा तर तो दिवसभर डोळे मिटून पडला आणि सूनबाई दुकानातून तीनदा फोन करून तो श्वास घेतोय ना ते विचारत राहिली. तिसऱ्या आठवड्यात थरथर थांबली. सहाव्या आठवड्यात त्याने एक अळी स्वतःहून जिभेने उचलली. ती तोंडातून पडली, त्याने पुन्हा उचलली. मास्तरांनी सूनबाईला हाक मारली. ती ओल्या केसांनीच धावत आली. दोघं पेटीपुढे ओणवी होऊन बघत राहिली, तोवर त्याने आणखी चार खाल्ल्या.

पुढच्या तपासणीला जबडा टणक लागला, पण एका बाजूला वाकलेलाच. तो तसाच राहणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोंड पुरतं मिटत नाही, त्यामुळे एका कोपऱ्यातून जिभेचं गुलाबी टोक सदा दिसतं. मास्तरांची नजर तिथे जाते तेव्हा त्यांना अजून वाईट वाटतं, आणि सूनबाईला ते कळतं. ती विषय काढत नाही. भोपळा किसायला घेते आणि त्यांना शेजारी बसायला सांगते.