पुठ्ठ्याचं माप

सापाला घास केवढा द्यायचा याचं माप पेइचेनने एका पुठ्ठ्यात कापून ठेवलं होतं. शरद पौर्णिमेच्या केकचं रिकामं खोकं, त्याच्या झाकणाचा तळहाताएवढा तुकडा आणि मधोमध गोल भोक. तिच्या सापाचं अंग जिथे सगळ्यात जाड, बरोब्बर तेवढंच हे भोक. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिने तो पुठ्ठा बापाच्या हातात दिला.

“बाबा, उंदीर यातून आरपार गेला तर द्यायचा. अडकला तर नाही. दहा दिवसांनी एक. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.”

वानफाला हसूच आलं. “अगं, तीस वर्षं मी बोटीवर चाळीस माणसांचं रांधलं. मला तू पुठ्ठ्याने घास मोजायला शिकवतेस होय?”

“चाळीस जणांना तोंड होतं, बाबा. ‘पुरे’ म्हणायचे ते. याला म्हणता येत नाही.”

तेव्हा त्याने ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोरीचं लक्ष जरा दुसरीकडे आहे, बरंच आहे, एवढंच त्याच्या मनात आलं. पोटाच्या कॅन्सरने चौतिसाव्या वर्षी तिचं अंग चिपाड झालं होतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आम्ही फक्त त्रास कमी करू. त्यानेही मान डोलावली होती. घरी येऊन त्याने आधी काय केलं असेल, तर डुकराच्या पायांचं सूप चढवलं.

कीलुंग बंदरातून माकुल धरायला निघालेल्या बोटी दोन-दोन वर्षं परत येत नसत. वानफा अशा बोटींवरचा स्वयंपाकी. समुद्र खवळला तरी याच्या भातात खडा निघाला नाही, असं खलाशी सांगायचे. पण स्वतःच्या पोरीला त्याने किती वेळा जेवू घातलं? तीन वर्षांतून एखादं नवं वर्ष, तेही पाहुण्यासारखं. बायको गेली आणि तो कायमचा जमिनीवर आला तोवर पेइचेन मोठी होऊन नोकरीला लागली होती, आणि बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत केशरी ठिपक्यांचा साप होता. नाव मीसुआ. तिकडे वाढदिवसाला करतात त्या बारीक शेवयांचं नाव, आयुष्य लांबावं म्हणून खातात त्या. नऊ वर्षं तिने त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. वानफा पेटीकडे पाठ करून जेवायचा.

आता दोघंच राहिले होते घरात, तो आणि साप. बर्फाच्या कप्प्यात माशांच्या गोळ्यांशेजारी उंदरांची पिशवी. दहा दिवसांनी एक काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा, पुसायचा, पुठ्ठ्यातून पलीकडे काढायचा आणि चिमट्याने पुढे धरायचा. मीसुआ झडप घालायचा, दोन-तीन मिनिटांत संपवायचा आणि पुन्हा काचेला नाक लावून बसायचा. वानफाला ते बघवत नसे. “एवढंसं खाऊन कोणाचं भागतं रे? बोटीवर असतास तर तुला दुसऱ्यांदा वाढलं असतं,” असं तो सापाला म्हणायचा. हो, बोलायला लागला होता तो सापाशी. दुसरं कोण होतं?

मग हिवाळ्याचा पहिला दिवस आला. त्या दिवशी अख्ख्या कीलुंगमध्ये तिळाच्या तेलाचा आणि जुन्या आल्याचा वास सुटतो. घरोघर कोंबडी शिजते. आज अंगात जे भराल ते थंडीभर साथ देईल, असं मानतात. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तोही त्या रात्री बाहेर जाऊन वाटीभर रस्सा पितो. वानफाने पहाटेच कोंबडी आणली, आलं सालासकट परतलं, तांदळाची दारू ओतली आणि थर्मास भरून टेकडीवरच्या हॉस्पिटलात गेला.

नर्सने झाकण उघडून वास घेतला. “आजोबा, वास झकास आहे. पण तोंड ओलं होईल एवढंच हं. दोन चमचे, वरचं पाणी.”

“दोन चमच्यांनी थंडी कशी निघायची?”

“थंडीचं आम्ही बघतो,” नर्स म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

पेइचेनने दोन चमचे घेतले. तिसराही घेतला, कारण त्याने पुढे केला. चौथाही. “छान झालंय, बाबा,” म्हणाली. अर्ध्या तासाने सगळं बाहेर आलं, वर हिरवं पाणी. तिने डोळे मिटून घेतले आणि तो बोळ्याने चादर पुसत राहिला. इतक्या लोकांना खाऊ घातलेल्या या हातचे चार चमचे आज पोरीच्या पोटात राहू नयेत, या विचाराने त्याचा नुसता संताप झाला. कुणावर करायचा तो संताप?

निघताना ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी मला चाकाच्या खुर्चीतून खाली अंगणात नेणार आहेत. डॉक्टर हो म्हणालेत. मीसुआला आणाल? एकदाच. कापडी पिशवीत घालून आणा, आत गरम पाण्याची बाटली ठेवा.”

“आणतो की. असा गुबगुबीत करून आणतो की ओळखणार नाहीस!”

“नका,” ती म्हणाली. “आहे तसाच आणा.”

भरला थर्मास घेऊन तो घरी आला तेव्हा मीसुआ काचेला नाक लावून बसला होता. बास, तिथेच वानफाची बुद्धी फिरली. आज साऱ्या गावाला पौष्टिक, आणि या घरात पोरगीही उपाशी, सापही! छत्री घेऊन तो स्टेशनामागच्या दुकानात गेला. तिथे सरडे, कासवं, साप आणि त्यांचं खाणं मिळतं. दुकान चालवणारी मुलगी, अ-काय, चांगलीच फटकळ.

“सगळ्यात मोठा दे.”

“कशाला, काका? साप कमरेला केवढा जाड आहे तुमचा?”

वानफाने अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला. मग तो गोल जरासा सैल केला. मग आणखी जरासा. बोटीसाठी बाजार करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला वजनात मारणं नवीन नव्हतं, पण कान मात्र तापले.

“एवढा? मग घूस चालेल. पण थंडी पडलीय हं. थंडीत जड घास पचत नाही. एक नंबर कमीच द्या.”

“थंडीतच तर जास्त खायचं असतं, पोरी!”

“माणसांनी,” अ-काय म्हणाली आणि पिशवीला गाठ मारली.

घरी त्याने ती घूस पुठ्ठ्याला लावली. डोकं गेलं, खांदे अडकले. त्याने रेटा दिला तसा पुठ्ठा भोकापासून काठापर्यंत फाटला. “मेला पुठ्ठाच जुना,” असं म्हणून त्याने तो बाजूला टाकला.

मीसुआने घूस घेतली. जबडा ताणत, थांबत, वळसे घालत, तब्बल पाऊण तास लागला त्याला. वानफा खुर्ची ओढून समोर बसला होता. शेवटी शेपूट आत गेली, सापाच्या पोटाला मुठीएवढा फुगवटा आला, आणि या म्हाताऱ्याच्या डोळ्यांना चक्क धार लागली. कुणीतरी त्याच्या हातचं पोटभर खाल्लं होतं. पोरीला त्याने मेसेज केला: “जेवला. तृप्त आहे.” तिने विचारलं, “भोकातून गेला ना?” त्याने लिहिलं, “आरामात.”

सोमवारी सकाळी पेटीचं झाकण उघडलं आणि वानफा मागे सरला. असला वास त्याला बोटीवरही माहीत नव्हता. घूस बाहेर पडली होती, पुढून गळालेली, मागून जशीच्या तशी. मीसुआ पाण्याच्या भांड्याला अंग टेकून पडला होता.

त्याने अ-कायला फोन लावला. तिने आधी विचारलं, किती जाड, खरं सांगा. त्याने खरं सांगितलं.

“काका, काय केलंत हे! आता दोन आठवडे काहीही द्यायचं नाही. नुसतं पाणी आणि ऊब. आतून सोलवटलंय त्याचं. मग एकदम छोटा द्यायचा, नेहमीच्या निम्मा.”

“दोन आठवडे? अगं, शनिवारी पोरीला दाखवायचाय.”

“मग तसाच दाखवा. मुकाट्याने पडू द्या त्याला. समजलं?”

समजलं होतं. मंगळवार काढला त्याने. पण बुधवारी सापाच्या कातडीला सुरकुत्या दिसल्या, पाठीचा कणा वर आला. या असल्या चिपाडाला पोरीच्या मांडीवर ठेवायचं? तिने स्वतःलाच बघितल्यासारखं व्हायचं? त्याच्याने राहवेना. त्याने फाटलेला पुठ्ठा शोधला, चिकटपट्टीने जोडला आणि या वेळी अगदी नियमाने, भोकातून सुळकन निघून जाईल असा इवलासा उंदीर घेतला. मापात कसूर नव्हती. उपास मात्र मोडला. मीसुआने उंदराकडे बघितलं, बराच वेळ तसाच राहिला आणि मग हळूच घेतला.

“शहाणा माझा,” वानफा म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी तो उंदीरही बाहेर आला, रक्ताच्या धाग्यांसकट. शनिवारी सकाळी साप ताठ झाला होता.

वानफाने काय करावं? त्याने बाहेरचा धो-धो पाऊस बघितला आणि थापेची जुळवाजुळव केली. गारठा आहे म्हणून आणला नाही, असं सांगू. मग वाटलं, ती पुन्हा म्हणेल, उद्या आणा. उद्या काय सांगणार? शेवटी मीसुआला कापडी पिशवीत ठेवलं, गरम पाण्याची बाटली ठेवली. थंडीने झोपलाय म्हणू. आणि हात सवयीने चुलीकडे गेलेच. थर्मास भरला.

अंगणात पत्र्याच्या छपराखाली पेइचेन खुर्चीत बसली होती, गळ्यापर्यंत रग, डोक्याला लोकरीची टोपी. त्याला बघून हसली. “आणलात?”

“आणलाय. पण झोपलाय बघ, थंडी फार. उठवू नकोस.”

तिने रगातून हात काढला आणि पिशवीत घातला. नऊ वर्षं हाताळलेलं अंग ते. तिची बोटं डोक्यापासून खाली गेली, मध्ये थांबली, परत वर आली. पाऊस छपरावर वाजत होता. वानफा जमिनीकडे बघत उभा राहिला.

“केवढा दिलात?” तिने विचारलं.

त्याने अंगठा आणि तर्जनी जोडली. मग ती सोडून सरळ मूठ वळून दाखवली.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर त्याने पाय धरले असते. ती म्हणाली, “त्याने खाल्ला?”

“सगळा. आपणहून. दुसराही खाल्ला.”

“हो. समोर धरलं की तो घ्यायचाच.” पिशवीतला हात तिने काढला नाही. “मीपण घेतच होते, बाबा. दोन महिने. डुकराचं सूप, मासा, त्या दिवशीची कोंबडी. तुम्ही चमचा धरून असे बघत राहायचात, मग नाही कसं म्हणू? तुम्ही गेलात की रात्रभर निघत राहायचं. नर्सला म्हटलं होतं, त्यांना सांगू नका.”

त्याला वाटत होतं, त्या दिवशीचे चार चमचे तेवढे परतले. थर्मास त्याने पाठीमागे लपवला, पण उशीर झाला होता.

“काय आणलंय?”

“काही नाही.”

“उघडा.”

त्याने उघडला. तिळाचा, आल्याचा वास दोघांच्या मध्ये पसरला. तिने मान जरा पुढे केली, वास घेतला आणि मागे टेकली.

“तुम्ही जेवा, बाबा. इथेच, माझ्यासमोर. तुम्ही जेवताना मी कधी नीट बघितलंच नाहीये.”

“मला भूक नाही गं.”

“मला बघायचंय,” ती म्हणाली.

तो बाकावर बसला. झाकणात रस्सा ओतून घेतला, एक तुकडा तोंडात घातला. तो घशात अडकला. त्याने रेटून खाली ढकलला आणि दुसरा घेतला. ती त्याच्याकडे बघत होती, एक हात पिशवीत ठेवून. नाही म्हणणं त्याच्याने होईना. थर्मास रिकामा होईपर्यंत तो खात राहिला.