कवड्याने ओळखलेली हाक

मी चौदा वर्षांचा असताना माझ्या गळ्यात कुणी अनोळखी येऊन राहिले. आश्रमशाळेत प्रार्थनेच्या वेळी वरच्या सुरावर आवाज फाटला, तेव्हा रघ्याने विचारले, "अमृत, बेडूक गिळलास का रे?" सगळी रांग हसली. तेव्हापासून मी बोलणेच टाळू लागलो. भातलावणीसाठी सायवनला घरी आलो, तरी आईला मानेनेच उत्तरे देत असे.

बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्यांचा बैल कवड्या चिखलणी करायचा तो केवळ त्यांच्या हाकेवर. काठी त्याला ठाऊक नव्हती. ते गेल्यापासून तो जू मानेवर घेई, पण चिखलात उतरला की उभाच राही.

"आज नाही चालला, तर मंगळवारी बाजारात नेतो," शेजारचे चिमणकाका बांधावरून म्हणाले. "नुसता उभा बैल किती दिवस पोसणार, वहिनी?"

आई भाताची रोपे उपटत होती. हातातली जुडी बांधायला तिला फार वेळ लागला.

मी नांगराची मूठ धरली. काकांनी हाकारले. जोडीच्या मोऱ्याने पाय उचलला, कवड्या ढिम्म.

"तू बोल की त्याला," काका मला म्हणाले. "का बैलाचीही लाज वाटते?"

वाटत होती. बाबांची हाक आधी उंच चढे, मग मातीत बसावी तशी खाली येई. लहानपणी मी तिची कितीदा नक्कल केली होती. माझ्या बारीक आवाजाला कवड्याने कधी दाद दिली नव्हती.

मी डोळे मिटले.

"होऽऽऽ..."

वर चढताना हाक फाटली. आणि त्या फटीतून एक खोल, खरखरीत स्वर बाहेर आला. बाबा मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडत, तेव्हा हाच स्वर माझ्या पोटऱ्यांना जाणवत असे.

कवड्याचा कान मागे वळला. मग त्याने पाय उचलला.

मी नांगरामागे चालत राहिलो. हे मला कुणी शिकवले नव्हते. माणसाच्या गळ्यात एवढी जागा कुठे असते, की तिथे कुणी दोन वर्षे गप्प बसून राहावे?

आई उभी राहिली होती. जुडी पाण्यात पडली होती.

"मंगळवारी तुम्ही एकटेच जा, भाऊजी," ती म्हणाली. आणि मला, हळूच, "बांधाशी पोचलास की पुन्हा दे."

बांध येईपर्यंत मी माझा जुना, बारीक आवाज आठवू पाहिला. तो सापडला नाही. मग मी बैल वळवले आणि हाक दिली.