शेवटच्या खुंटीवरचे खोगीर

मित्रांनो, तबेल्यात शिरल्यावर डाव्या हाताला, शेवटच्या खुंटीला जे जुने खोगीर टांगले आहे, ते मीच. माझ्याकडे फार निरखून पाहू नका. मला लाज वाटते.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. लाकडी सांगाडा, वर चामडे, खाली लोकरीची गादी. "यात नुसती खोगीरभरती नाही हं!" असे म्हणून तो स्वतःच हसला. टाका उसवला तर माझ्याकडेच आणा, खिळा मारू नका, असे त्याने मास्तरांना बजावले होते. मास्तर म्हणजे या घोडेस्वारीच्या शाळेचे मालक.

मी तांबडी नावाच्या घोडीच्या पाठीवर बसू लागले. किती मुले आमच्यावर स्वारी शिकली! "खोगीर असावं तर असं," असे कोणी म्हटले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पाठ तांबडीची आणि तोरा माझा.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच माझा एक टाका उसवला. कारागिराकडे जायला वेळ नव्हता. मास्तरांनी हातोडी घेतली आणि वरून खिळा ठोकला. "चालतंय की! खाली कोण बघतंय?" ते म्हणाले. खिळ्याचे टोक लाकडातून पार होऊन माझ्या गादीत दडले.

त्या दिवशी मास्तरांची बारा वर्षांची मुलगी माझ्यावर बसली होती. दुसऱ्या अडथळ्यावरून उडी मारून उतरताना तिचा सगळा भार माझ्यावर आला, आणि खिळा तांबडीच्या पाठीत घुसला. ती किंचाळून दोन पायांवर उभी राहिली. मुलगी खाली पडली. तिचा पाय मोडला.

मास्तरांनी तांबडीला चाबकाने झोडपले. "इतकी वर्षं जीव लावला, आणि माझ्याच पोरीवर उलटलीस?" चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि मी काय केले? माझ्याकडे कोणी पाहिले नाही, म्हणून मला हायसे वाटले. मित्रांनो, हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

मुलीचा पाय बरा झाला, पण ती तबेल्याकडे फिरकेना. मला घेऊन कोणी जवळ गेले की तांबडी चावायला धावे. तिला सगळे खुनशी म्हणू लागले. शेवटी मास्तरांनी तिला एका गाडीवाल्याला देऊन टाकायचे ठरवले.

तो न्यायला येणार त्या सकाळी मुलगी गाजर घेऊन तांबडीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"लांबूनच बघ हवं तर," घोड्यांची निगा राखणारे काका म्हणाले.

तांबडीने मान लांब केली आणि मुलीच्या हातातले गाजर अलगद उचलले. तेवढ्यात मलाही तांबडीसोबत पाठवायचे म्हणून मास्तर मला घेऊन आत आले. तांबडी थरथरत भिंतीला चिकटली.

"बाबा, ती मला नाही घाबरत. या खोगिराला घाबरते."

"काहीतरीच! खोगिराला कोण घाबरतं?"

"मग खाली हात घालून बघा."

मास्तरांनी मला खोगिरे ठेवायच्या लाकडी घोडीवर ठेवले आणि माझ्या गादीखाली तळहात सरकवला. मुलीने वरून सगळा भार टाकला. मास्तर ओरडले. हात बाहेर काढला तेव्हा तळव्यातून रक्त येत होते. आपलाच खिळा त्यांनी ओळखला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आणि मी तिलाच मारलं गं," एवढेच ते बोलले.

"मीसुद्धा तिलाच वाईट म्हणत होते, बाबा."

गाडीवाला रिकाम्या हाताने परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी तांबडीपुढे बादली पालथी घालून बसू लागले. हातात ना चाबूक, ना दोर. शेजारच्या बादलीवर मुलगी. तांबडी त्यांच्याकडे पाठ फिरवून उभी राही. असे तीन आठवडे गेले. मग एके सकाळी ती वळली आणि तिने मास्तरांच्या त्याच तळहातावरचे गाजर खाल्ले. काका उगाचच नाक पुसत बाहेर गेले.

मला कोणी दुरुस्त केले नाही. शाळेत नवे मूल आले की मास्तर आधी त्याचा हात माझ्या गादीखाली घालतात आणि तो खिळा बोटाला लागू देतात. तेव्हा मित्रांनो, कोणी लाथ झाडली तर त्याला खुनशी म्हणण्याआधी, आपण त्याच्या पाठीवर काय ठेवले आहे ते हात घालून बघा.

तांबडीने त्या दोघांना जवळ केले आहे. माझ्या खुंटीजवळून जाताना मात्र ती अजून पलीकडच्या भिंतीच्या कडेने जाते. तिचे काही चुकत नाही.